पावसात बुडालेले टोकियो आणि वसईचा प्रेक्षक

२०१८ सालच्या जुलै महिन्यात, एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या दोन प्रदेशांवर पावसाने जवळजवळ एकाच सुमारास कहर केला. जपानच्या पश्चिम भागात अतिवृष्टी, पूर आणि कोसळलेल्या दरडी यांमुळे दोनशेहून अधिक माणसे दगावली. त्या पाठोपाठ, ९ आणि १० जुलैला, आपल्याकडे वसई-विरार पाण्याखाली गेले. नालासोपारा स्थानकातील रूळ बुडाल्याने पश्चिम रेल्वेची वाहतूक खुंटली, वीज गेली, मिठागरातील वस्तीत माणसे अडकून पडली आणि रस्त्यांवरून होड्या फिरू लागल्या. या घटनेला वर्ष होत असतानाच, १९ जुलै २०१९ रोजी, जपानमध्ये एक अॅनिमेशनपट प्रदर्शित झाला. त्याचा विषय होता न थांबणारा पाऊस आणि त्यात हळूहळू बुडत जाणारे महानगर.

माकोतो शिंकाई यांचा ‘तेन्की नो को’, म्हणजे ‘हवामानाचे लेकरू’, तो हा चित्रपट. जगभर तो ‘वेदरिंग विथ यू’ या नावाने ओळखला जातो. भारतात तो ११ ऑक्टोबर २०१९ रोजी चित्रपटगृहांत आला आणि दुसऱ्याच दिवशी, १२ ऑक्टोबरला, ‘हागिबिस’ हे प्रचंड चक्रीवादळ जपानच्या किनाऱ्यावर आदळून टोकियो व आसपासच्या भागांत नद्यांनी पात्रे सोडली. योगायोगाला अर्थ चिकटवू नये हे खरे. परंतु या चित्रपटाविषयी प्रेक्षकांनी जी मते मांडली, त्यांमागे हे खरे पाणी कोठेतरी साचलेले आहे हे नाकारता येत नाही. त्या मतमतांतरांचा, आणि वसईसारख्या सखल भूमीत राहणाऱ्या माणसाला त्यातून काय दिसते याचा, हा आढावा. ओघात चित्रपटाच्या शेवटाचीही चर्चा येणार आहे.

दिग्दर्शक आणि कथा

शिंकाई यांचा जन्म १९७३ सालचा, नागानो या डोंगराळ प्रांतातला. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत काही वर्षे काम केल्यानंतर त्यांनी २००२ साली ‘होशी नो कोए’ हा सुमारे पंचवीस मिनिटांचा विज्ञानपट घरच्या संगणकावर जवळजवळ एकहाती तयार केला. अंतराळात दूर गेलेली मुलगी आणि पृथ्वीवर राहिलेला मुलगा यांच्यातील संदेशांना पोहोचायला आधी महिने, मग वर्षे लागू लागतात, असे त्याचे कथासूत्र. त्यानंतर ‘५ सेंटिमीटर्स पर सेकंद’ (२००७), पावसाळी टोकियोचे अप्रतिम चित्रण करणारा ‘द गार्डन ऑफ वर्ड्स’ (२०१३) आणि धूमकेतूच्या आघाताभोवती गुंफलेला ‘युअर नेम’ (२०१६) असा त्यांचा प्रवास झाला. ‘युअर नेम’ने एकट्या जपानमध्ये २५ अब्ज येनहून अधिक उत्पन्न मिळवले आणि शिंकाई हे नाव जगाच्या परिचयाचे झाले.

‘वेदरिंग विथ यू’चा नायक होदाका हा सोळा वर्षांचा मुलगा आपल्या बेटावरच्या घरातून पळून टोकियोत येतो. शहरात पाऊस थांबण्याचे नाव घेत नाही. उपाशीपोटी भटकणाऱ्या या मुलाला सुगा नावाचा इसम आश्रय देतो आणि भुताखेतांच्या, गूढ गोष्टींच्या मासिकासाठी मजकूर लिहिण्याचे काम देतो. त्या कामाच्या ओघात त्याला हिना भेटते. आई वारलेली, धाकट्या भावाला सांभाळणारी, वय वाढवून सांगून नोकरी करणारी ही मुलगी एका पडक्या इमारतीच्या गच्चीवरील देवळाच्या कमानीतून प्रार्थना करीत गेलेली असते, आणि तेव्हापासून तिने हात जोडले की तेवढ्या भागापुरते आभाळ मोकळे होते. दोघे मिळून याचा चक्क व्यवसाय करतात. कोणाला लग्नासाठी, कोणाला बाजारासाठी, तर एका वृद्धेला पतीच्या पहिल्या स्मरणदिनासाठी ऊन हवे असते. दर ठरतो ३,४०० येन.

मात्र प्रत्येक प्रार्थनेसरशी हिनाचे शरीर पाण्यासारखे पारदर्शक होत जाते. एका जुन्या देवळातील पुजारी सांगतो की पूर्वापार हवामान सावरायचे तर अशा कन्येचा बळी जावा लागतो. एका पहाटे हिना नाहीशी होते आणि टोकियोवर लख्ख ऊन पडते. होदाका पोलिसांना चुकवून त्या गच्चीवर जातो, कमानीतून आकाशात पोहोचतो आणि तिला परत आणतो. पाऊस पुन्हा सुरू होतो व तीन वर्षे थांबत नाही. टोकियोचा मोठा भाग समुद्रात जातो. चित्रपट तेथे, त्या पावसातच, संपतो.

प्रेक्षकांनी मागून घेतलेला चित्रपट

जपानी अॅनिमेशन भारतात आले ते दूरदर्शनच्या पडद्यावरून. १९९३ साली हिंदीतून आलेला मोगली एका अख्ख्या पिढीच्या रविवारांत जाऊन बसला. तो मूळचा जपानी आहे हे त्या पिढीतील बहुतेकांना फार उशिरा कळले. त्याच वर्षी दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात युगो साको यांनी मुंबईचे ज्येष्ठ अॅनिमेशनकार राम मोहन यांच्या सहयोगाने केलेला ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ दाखवला गेला. चित्रपटगृहांतून त्याचे देशभर मोठे प्रदर्शन व्हायला मात्र २४ जानेवारी २०२५ उजाडावा लागला. मधल्या काळात, २००४ साली, ‘अॅनिमॅक्स’ वाहिनी सुरू झाली, ‘डोरेमॉन’ घराघरांत पोहोचला, आणि जपानी अॅनिमेशन म्हणजे लहान मुलांची करमणूक हा समज पक्का झाला.

या समजाला धक्का दिला तो प्रेक्षकांनीच. ‘वेदरिंग विथ यू’ भारतात प्रदर्शित व्हावा यासाठी एका ऑनलाइन अर्जावर पन्नास हजारांहून अधिक सह्या झाल्या. निर्मात्यांनी त्याची दखल घेतली आणि मूळ जपानी संवाद, इंग्रजी उपशीर्षके अशा स्वरूपात तो भारतातील निवडक शहरांच्या मल्टिप्लेक्समध्ये आला. आपल्याकडे एखादा चित्रपट रोखण्यासाठी अर्ज करण्याची परंपरा जुनी आहे. तो दाखवावा म्हणून अर्ज करण्याची ही गोष्ट नवी. पुढे एप्रिल २०२३ मध्ये शिंकाई यांचा ‘सुझुमे’ हिंदी संवादांसह आला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ‘डेमन स्लेयर’ मालिकेतील चित्रपटाचे खेळ पहाटेपासून लागले. या बदलाच्या मुळाशी २०१९ च्या त्या पन्नास हजार सह्या आहेत.

डोळ्यांचे मत

प्रेक्षकांच्या मतांचा विचार करताना एका बाबतीत एकमत आढळते, ते म्हणजे दृश्यरूप. काचेवरून ओघळणारे थेंब, डबक्यात फुटणारी वर्तुळे, छत्रीवर आपटून उडणारे तुषार, ओल्या डांबरावर सांडलेले दिव्यांचे रंग, ढगांच्या फटीतून उतरणारा उन्हाचा एकच झोत अशा पावसाच्या कितीतरी परी या चित्रपटात दिसतात. चित्रपट दोनदा पाहणारे अनेक जण दुसऱ्या खेपेस कथा सोडून केवळ पाऊसच पाहतात.

ही किमया केवळ हौसेची नाही. हवामानाच्या चित्रणासाठी जपानच्या हवामान संशोधन संस्थेतील ढगांचे अभ्यासक केंतारो अराकी यांचे मार्गदर्शन घेण्यात आले होते. त्यामुळे ऐरणीसारख्या सपाट माथ्याचे गडगडाटी ढग कसे उभे राहतात, त्यांच्या पोटातील प्रकाश कसा असतो, हे तपशील शास्त्राला धरून उतरले आहेत. शहराचे चित्रणही तसेच. शिंजुकूच्या गल्ल्या, रेल्वेचे पूल, स्वस्त खाणावळी, फलक, तारा, सारे ओळखू येईल इतके खरे. गच्चीवरील देवळाची इमारत योयोगी भागातील ज्या खऱ्या वास्तूवरून घेतली, ती चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर काही दिवसांतच पाडायला काढली गेली. टोकियोचे एक रूप पडद्यावर जपले गेले आणि प्रत्यक्षात गेले.

जपानी विज्ञानपटांनी टोकियोचा विध्वंस यापूर्वी अनेकदा दाखवला आहे. १९५४ सालच्या ‘गॉडझिला’ने ते तुडवले. कात्सुहिरो ओतोमो यांच्या १९८८ सालच्या ‘अकिरा’ने ते एका स्फोटात नष्ट करून त्याच्या जागी २०१९ सालचे ‘निओ टोकियो’ उभे केले. नेमक्या त्याच २०१९ साली आलेल्या शिंकाईंच्या चित्रपटात मात्र स्फोट नाही, राक्षस नाही. पाणी इंचाइंचाने चढते आणि माणसे होडीतून कामाला जाऊ लागतात. संकट इतके संथ असले की त्याची सवय होते, ही जाणीव या चित्रांतून जितकी पोहोचते तितकी संवादांतून पोहोचत नाही.

कथेविषयीच्या तक्रारी

दृश्यांवर एकमत, तर कथेवर मतभेद, अशी स्थिती आहे. पहिली तक्रार पुनरावृत्तीची. मुलगा, मुलगी, निसर्गातील अद्भुत, मध्यावर ताटातूट, अखेरीस धाव, आणि वर ‘रॅडविम्प्स’ या वाद्यवृंदाची गाणी, हा ‘युअर नेम’चाच साचा पुन्हा वापरला आहे असे पुष्कळांना वाटले. गाण्यांच्या तालावर जोडलेली दृश्यमालिका म्हणजे सुरेख जाहिरातच, असेही कोणी म्हणाले. आणि खऱ्याखुऱ्या कंपन्यांची उत्पादने पडद्यावर इतक्या ठिकाणी दिसतात की हा शेरा सर्वस्वी अन्यायाचा म्हणता येत नाही.

दुसरी तक्रार होदाकाविषयी. तो घरातून का पळाला हे चित्रपट सांगत नाही. त्याच्या हाती पिस्तूल लागते, तो ते दोनदा झाडतो. हे प्रकरण अनेकांना उपरे वाटले. याउलट बाजू घेणारे म्हणतात की पौगंडावस्थेतील घुसमटीला कारणांची यादी जोडता येत नाही, आणि ती न जोडणे हाच प्रामाणिकपणा आहे.

तिसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा. काही प्रेक्षकांनी या चित्रपटातील दारिद्र्याकडे लक्ष वेधले. रात्र काढण्यासाठी आडोसा शोधणारा मुलगा, आईविना घर चालवणारी मुलगी, त्यांना एकमेकांपासून तोडू पाहणारी सरकारी यंत्रणा. जपानसारख्या संपन्न देशात मुलांच्या वाट्याला येणारे हे जगणे लखलखत्या चित्रांच्या आड दडलेले नाही. उलट, झगमगाटाच्या शेजारीच ते ठेवले आहे. होदाकाला शहरातील सर्वांत चविष्ट जेवण वाटते ते हिनाने त्याला फुकट दिलेले बर्गर, हा तपशील विसरता येण्यासारखा नाही.

विज्ञानकथा की अद्भुतकथा?

मराठी वाचकाच्या मनात येथे एक वेगळा प्रश्न उभा राहतो. आपल्याकडे विज्ञानकथेची इयत्ता जयंत नारळीकरांनी ठरवून दिली. त्यांच्या ‘धूमकेतू’ या कथेत पृथ्वीवर आदळू पाहणारा धूमकेतू शास्त्रज्ञ प्रयत्नपूर्वक दूर सारतात, आणि इकडे घरात मात्र संकट टळले ते यज्ञामुळे, अशी समजूत करून घेतली जाते. कथेचा सारा उपरोध या विसंगतीत आहे. विज्ञानकथेतील विज्ञान भक्कम असावे आणि तिने वाचकाला विवेकाकडे न्यावे, ही नारळीकरांची भूमिका होती.

या कसोटीवर शिंकाईंचा चित्रपट उतरत नाही. येथे प्रार्थना खरोखरच फळते. ढगांच्या माथ्यावर एखादी अज्ञात जीवसृष्टी असू शकेल, असे एका प्रसंगी सुचवले जाते, पाण्याचे मासे आभाळातून पडतात. पण यांपैकी कशाचाही कार्यकारणभाव उलगडत नाही. म्हणून यास विज्ञानकथा न म्हणता हवामानाविषयीची अद्भुतकथा म्हणणे अधिक योग्य, असे म्हणणाऱ्यांशी सहमत व्हावेसे वाटते. तरीही विज्ञानकथेचे एक काम हा चित्रपट करतो. ‘असे झाले तर?’ हा प्रश्न तो शेवटापर्यंत नेतो आणि उत्तर गोड करीत नाही. ज्या वर्षी तो आला, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ग्रेटा थुनबर्ग या सोळा वर्षांच्या मुलीने संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावरून वडीलधाऱ्या राष्ट्रप्रमुखांना जाब विचारला होता. मोठ्यांनी बिघडवलेल्या हवामानाची किंमत मुलांनी का मोजावी, हा प्रश्न तेव्हा हवेतच होता.

बळी कोणाचा?

खरा वाद आहे तो शेवटावर. एका मुलीसाठी होदाकाने लाखो लोकांचे शहर बुडू दिले. हे प्रेम की आत्मकेंद्रितपणा? स्वतः शिंकाई यांनीही मुलाखतींतून सांगितले आहे की या शेवटावर मते दुभंगतील याची त्यांना कल्पना होती. ‘युअर नेम’मध्ये घडून गेलेली आपत्ती पुसून टाकल्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली होती, या वेळी त्यांनी आपत्ती पुसली नाही.

महाराष्ट्रातील प्रेक्षकाला हा पेच सर्वस्वी परका नाही. श्रावणात वाचल्या जाणाऱ्या कहाण्यांत शिळासप्तमीची कहाणी आहे. राजा गाव वसवतो, तळे खणतो. तळ्याला पाणी लागत नाही. जलदेवता सुनेच्या मुलाचा बळी मागतात. सून माहेरी गेली असता तो दिला जातो आणि तळे भरते. पुढे त्या मातेच्या व्रताने मूल तिला परत मिळते. तेथे पाणी यावे म्हणून बळी, येथे पाणी थांबावे म्हणून बळी, सूत्र एकच. एका जिवाच्या मोबदल्यात सर्वांची सोय, आणि तो जीव नेहमी घरातल्या सर्वांत दुबळ्याचा. आईला विचारलेले नसते, हिनालाही कोणी विचारलेले नसते.

फरक आहे तो शेवटी. कहाणीत मूल परत येते आणि तळ्याचे पाणीही राहते. ऐकणाऱ्याचे मन शांत होते, आणि आरंभी झालेल्या अन्यायाचा जाब कोणी विचारीत नाही. शिंकाई ही सोय नाकारतात. मुलगी हवी असेल तर ऊन सोडावे लागेल, एवढेच ते सांगतात. ज्यांना हा शेवट भावला, त्यांना या हिशेबातील रोखठोकपणा भावला आहे. सुखकर हवामान हा कोणाचाही हक्क नाही, आणि तो एखाद्या पोरक्या मुलीच्या जिवावर तर नाहीच नाही, हे म्हणणे साधे असले तरी हलके नाही.

ज्यांना तो पटला नाही, त्यांच्या आक्षेपाला जपानी समीक्षेत एक नावही आहे. ‘सेकाई-केई’. ‘सेकाई’ म्हणजे जग. एका मुलाचे आणि मुलीचे नाते थेट जगाच्या भवितव्याशी जोडायचे आणि मधला समाज, म्हणजे संस्था, सरकार, शेजारपाजार, जवळजवळ गाळून टाकायचा, अशा कथांना हे नाव मिळाले. शिंकाई यांचा पहिला विज्ञानपट हा त्या प्रकाराचा ठळक नमुना मानला जातो. ‘वेदरिंग विथ यू’मध्ये पोलीस आहेत, मासिके आहेत, पण शहर बुडत असताना त्या शहराचा कारभार पाहणारे कोणी दिसत नाही. निवड फक्त दोघांत उरते. एका पारड्यात हिना, दुसऱ्यात टोकियो. मधले काहीच नाही.

प्रत्यक्षातील टोकियोत मधले बरेच काही आहे. शहराच्या पूर्व भागातील मोठी वस्ती भरतीच्या पातळीखाली आहे. पुराचे पाणी वळवण्यासाठी टोकियोच्या उत्तरेस जमिनीखाली ६.३ किलोमीटर लांबीचा जलमार्ग बांधून २००६ साली पूर्ण करण्यात आला. मे २०१९ मध्ये, म्हणजे चित्रपट येण्याच्या दोनच महिने आधी, एदोगावा या सखल प्रभागाने आपल्या रहिवाशांना वाटलेल्या पूर-नकाशावर, मोठ्या पुराच्या वेळी येथे थांबू नका, बाहेर पडा, असे स्पष्ट बजावले होते. हे सारे त्या मधल्या समाजाचे काम. चित्रपटाला ते दिसत नाही.

गिरीजची बावखले

चित्रपटाच्या अखेरीस एक प्रसंग आहे. पतीच्या स्मरणदिनासाठी ऊन मागणारी ती वृद्धा आता बुडालेले घर सोडून सदनिकेत राहते आहे. होदाका अपराधी चेहऱ्याने तिच्यापुढे बसलेला असताना ती त्याची समजूत काढते. टोकियोचा हा भाग मूळचा खाडीच होता, माणसांनी आणि हवामानाने तो थोडाथोडा करून बदलला. आता तो पूर्वीसारखा झाला, इतकेच. तिचे म्हणणे इतिहासाला धरून आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी तोकुगावा इएयासू यांच्या काळात हिबियाची खाडी भरून एदो नगरीचा विस्तार झाला, आणि भरावाचे काम पुढे शतकानुशतके चालू राहिले.

अनेक प्रेक्षकांना या संवादाने दिलासा दिला. वसईच्या प्रेक्षकाला मात्र तो ऐकताना थबकायला होते. कारण वसईही मूळची बेटच. उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस उल्हास नदीची खाडी, पूर्वेस सोपाऱ्याच्या खाडीचे पाणी आणि पश्चिमेस अरबी समुद्र. पोर्तुगीज काळातही ती पाण्याने वेढलेली होती. मग येथे पाणी साचले तर ‘जमीन मूळची पाण्याचीच’ असे म्हणून खांदे उडवावेत काय?

याचे उत्तर शोधायला गिरीजसारख्या गावात जावे. हिराडोंगरीच्या, म्हणजे वज्रगडाच्या, पायथ्याशी असलेले हे गाव वसईच्या पश्चिम पट्ट्यातील वाड्यांचे. केळी, पानवेली, फुलझाडे, भाजीपाला यांच्या या वाड्या ज्यांवर जगल्या ती येथील बावखले. बावखल म्हणजे वाडीत खणलेले गोड्या पाण्याचे तळे. पावसाळ्यात आजूबाजूचे पाणी त्यात उतरते, जमिनीत मुरते, विहिरींना झरे देते आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याला आत सरकू देत नाही. पूर्वी त्यांवर रहाट चालत. वसईच्या पट्ट्यात अशी बावखले गावोगाव होती. पूर्वेकडे मिठागरे आणि खाजणे मोकळी असत. भरतीचे व पावसाचे पाणी तेथे पसरून ओसरत असे.

या रचनेत एक साधे शहाणपण आहे. ही भूमी पाण्याची आहे हे येथील जुन्या माणसांनाही ठाऊक होते. पण त्या जाणिवेतून त्यांनी हात झटकले नाहीत. पाण्याला बसायला जागा राखून ठेवली. वृद्धेचे तेच वाक्य येथे दिलासा म्हणून नव्हे, तर जबाबदारी म्हणून उच्चारले जात होते.

नंतरच्या दशकांत लोकवस्ती वाढली, वाड्यांचे तुकडे झाले, पुष्कळ बावखले मातीचा भराव टाकून बुजवली गेली, खाजणांवर इमारती उभ्या राहिल्या. याविरुद्ध आवाज उठला नाही असे नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईची चळवळ १९८० च्या दशकाच्या अखेरीस उभी राहिली ती याच भूमीच्या रक्षणासाठी. पुढे २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवणारे दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी गेले. पाणी, झाडे आणि माणूस यांच्या नात्याविषयी त्यांनी मांडलेला प्रश्न अजून शिल्लक आहे. २०१८ च्या पुरानंतर महापालिकेने ‘नीरी’ आणि आयआयटी मुंबई येथील तज्ज्ञांकडून कारणांचा अभ्यास करवून घेतला. त्यांनी सुचवलेल्या उपायांत धारण तलावांचा, म्हणजे पावसाचे पाणी तात्पुरते साठवून ठेवणाऱ्या तलावांचा, समावेश होता. गिरीजच्या वाडीत खणलेले बावखल दुसरे काय होते? वसईतील काही तरुण मंडळी जुनी बावखले उपसून, साफ करून पुन्हा जिवंत करू लागली आहेत, ही त्यातल्या त्यात आशेची बाब.

मतांचे मोल

असे पाहिले म्हणजे चित्रपटाविषयीची मते केवळ आवडनिवड राहत नाहीत. ‘होदाकाने बरोबर केले की चूक?’ हा प्रश्न आपण ज्या जागी उभे राहून विचारतो, ती जागा उत्तर बदलते. उंचावरच्या घरातून पाहणाऱ्याला तो प्रेमाचा प्रश्न वाटेल. तळमजल्यावर पाणी शिरलेल्या माणसाला तो दुसऱ्या कोणीतरी आपल्या वतीने घेतलेल्या निर्णयाचा प्रश्न वाटेल. दोन्ही मते खरी आहेत, आणि शिंकाईंच्या चित्रपटाचे मोठेपण हे की तो दोघांनाही बोलते करतो.

त्याचे उणेपण त्याच्या तराजूत आहे. मुलगी किंवा शहर, असे दोनच पर्याय समोर ठेवले की होदाकाचे उत्तर योग्य ठरते. कोणत्याही शहराला आपले ऊन एका लेकराच्या जिवावर मागता येणार नाही. पण शहर बुडते ते एका मुलीने प्रार्थना थांबवली म्हणून नव्हे. ते बुडते भरलेल्या खाजणांमुळे, बुजवलेल्या तळ्यांमुळे, अरुंद झालेल्या नाल्यांमुळे. ज्या निर्णयांवर कोणाची तरी सही असते, त्यांच्यामुळे. चित्रपटातून गळलेला तो मधला समाज म्हणजे आपणच.

तेव्हा हा चित्रपट जरूर पाहावा, शक्य तर पावसाळ्यात पाहावा. त्यातील पाऊस डोळे भरून पाहण्याजोगा आहे. पाहून झाल्यावर खिडकीबाहेरच्या पावसाकडेही एकदा पाहावे, आणि आपल्या आळीतले बावखल अजून जागेवर आहे ना, तेवढे विचारून घ्यावे.